अजस्र यंत्रें आणि वनांतील माती

जमीन म्हटली म्हणजे कांहीं तरी भक्कम व घट्ट वस्तु डोळ्यांसमोर येते. जुन्या अरण्यांतील माती मात्र या समजुतीला बसत नाहीं. तिच्या वरच्या थरांतील एक लिटर माती जशीच्या तशी उचलून, वाळवून तोलली तर ती बहुधा एक किलोग्रॅमच्या आसपासच भरते. वस्तुतः ज्या खनिजांचे मातीचे कण बनलेले असतात तीं खनिजें पाण्याच्या अडीच पटींहूनहि जड आहेत. मग उरलेली जागा कशानें व्यापलेली असते? पोकळीनें. अर्ध्याहून अधिक भाग रिकामा असतो, आणि त्या रिकामेपणावरच सारें अरण्य उभें असतें.

हीं सर्व छिद्रें सारखीं नसतात. अतिसूक्ष्म छिद्रें पाणी धरून ठेवतात. गांडुळांचीं बिळें, कुजून गेलेल्या मुळांच्या नळ्या, अशीं मोठीं छिद्रें पाऊस ओसरतांच रिकामीं होतात व त्यांतून हवा खेळूं लागते. मुळांना लागणारा प्राणवायु याच वाटेनें खालीं जातो, आणि मुळांनीं सोडलेला कार्बन डायॉक्साइड याच वाटेनें वर येतो. ओझें आलें कीं प्रथम चिरडलीं जातात तीं हींच मोठीं छिद्रें.

युरोपांतील वनांत पूर्वीं कुऱ्हाड, करवत आणि घोडा एवढ्यांवर काम चाले. आतां हार्वेस्टर नांवाचें यंत्र एका लांब हातानें झाड धरतें, बुडाशीं कापतें, त्याच्या फांद्या सोलतें व ओंडके पाडतें. हें सारें मिनिटभरांत उरकतें. त्याच्या मागून फॉरवर्डर येतो व ते ओंडके पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेतो. मोठा फॉरवर्डर भरला म्हणजे त्याचें वजन तीस टनांच्या वर जातें.

यंत्रांच्या बाजूनें एक युक्तिवाद नेहमीं केला जातो. टायर रुंद असल्यामुळें त्याखालीं दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा दाब घोड्याच्या खुराखालील दाबाहून फारसा अधिक नसतो. मग घोडा चालतो तर यंत्र कां नको? हें अर्धसत्य आहे. गादीवर बोट दाबलें तर वरचा कापूस तेवढा दबतो. पण तितक्याच दाबानें भरलेली ट्रंक तीवर ठेवली तर तळापर्यंतचा कापूस बसतो. जमिनीचेंहि तसेंच. पृष्ठभागावरील दाब वरच्या कांहीं बोटांपुरता निर्णायक ठरतो, तर खोलवर पोंचणारा दाब चाकावरील एकूण ओझ्यावर अवलंबून असतो. घोड्याच्या खुराचा ठसा वरच्यावर राहतो व मुळें-किडे तो लौकर मोडून टाकतात. फॉरवर्डरचें ओझें हातभर खोल जातें.

यांत पाण्याची भर पडली म्हणजे अनर्थ होतो. कोरड्या मातीचे कण एकमेकांस अडवून धरतात, ओले कण निसटतात. माती पाण्यानें पूर्ण भरली तर ती दबण्याऐवजीं चिखलासारखी वाहते आणि चाकोरीच्या दोन्ही बाजूंस वरंबे उठतात. स्वित्झर्लंडमधील वनशास्त्रज्ञांनीं चाकोऱ्यांचे तीन प्रकार केले आहेत. पहिल्यांत टायरच्या नक्षीचा ठसा तेवढा उमटतो. तिसऱ्यांत असे वरंबे उठतात, आणि तो प्रकार दिसला कीं जमिनीची घडण मोडली असें समजतात. तथापि सपाट दिसणारी वाट निर्दोषच असते असें नव्हे. बहुतेक नुकसान यंत्राच्या पहिल्या कांहीं फेऱ्यांतच होऊन जातें. पुढच्या फेऱ्या त्यांत थोडथोडी भर घालतात. म्हणूनच ‘थोडें इकडून, थोडें तिकडून’ असें यंत्र फिरवून भार वाटून देणें सौम्य वाटलें तरी प्रत्यक्षांत तोच सर्वांत महाग मार्ग ठरतो.

२६ डिसेंबर १९९९ रोजीं लोथार नांवाचें वादळ फ्रान्स, दक्षिण जर्मनी व स्वित्झर्लंड यांवरून गेलें. एकट्या स्वित्झर्लंडांत सुमारें १ कोटी ३० लाख घनमीटर लांकूड आडवें झालें; नेहमींच्या हिशेबानें ती जवळजवळ तीन वर्षांची तोड होती. पडलेल्या स्प्रूस वृक्षांच्या सालींत भुंगेरे वाढतात व मग उभ्या झाडांवर चढतात, म्हणून लांकूड त्वरेनें हलविणें भाग होतें. जमीन हिंवाळ्याच्या ओलीनें भिजलेली. थांबावें तर भुंगेऱ्यांचें भय, थांबूं नये तर मातीचें. शिवाय वादळानें ताणून, पिळून टाकलेल्या खोडांत करवत घेऊन शिरणें जिवावरचें काम असतें. त्या साफसफाईंत माणसें दगावलीं. यंत्राच्या पोलादी खोलींत बसलेला चालक त्या मानानें सुरक्षित असतो. या प्रश्नांत यंत्राला सरसकट दोष देणाऱ्यांनीं ही बाजू विसरतां कामा नये.

असल्या चाकोऱ्यांखालीं काय घडतें याचा शोध स्विस संशोधक मार्टिन हार्टमान, बीट फ्राय व त्यांचे सहकारी यांनीं घेतला. वनभूमीवर मुद्दाम यंत्रें चालवून चार वर्षें त्यांनीं मातींतील सूक्ष्म जीवांची मोजदाद केली व २०१४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडांच्या मुळांशीं सहजीवन करून त्यांना पाणी व क्षार पुरविणाऱ्या बुरशा घटल्या होत्या; प्राणवायूवांचून जगणारे जंतु वाढले होते. जेथें घडण पुरती मोडली होती तेथें चार वर्षांनींहि मूळ वस्ती परतली नव्हती. निरोगी वनमाती हवेंतील मिथेन वायु शोषून घेते. दाबलेली, पाणी तुंबलेली माती उलट तो बाहेर सोडूं लागते.

ही जखम भरण्यास किती काळ लागावा? दख्खनच्या काळ्या मातीसारखी जी माती भिजून फुगते व वाळून भेगाळते, ती स्वतःला थोडीफार मोकळी करते. पण तो गुण सर्व मातींत नसतो. थंडींत मातींतील पाणी गोठून कण सुटे होतात खरे, परंतु तें वरच्या थरापुरतें. स्प्रूसखालील आम्ल मातींत गांडुळें विरळ. परिणामीं तीस-चाळीस वर्षांनींहि जुन्या चाकोऱ्या ओळखूं येतात. तेथें पाणथळींतलें लव्हाळें उगवलेलें असतें. नांगर घालावा तर शेजारच्या झाडांचीं मुळें तुटतात. स्वित्झर्लंडांत अशा चाकोऱ्यांत काळा आल्डर लावून पाहिला. या झाडाचीं मुळें हवा कमी असलेल्या मातींतहि शिरतात. कांहीं वर्षांत थोडी सुधारणा दिसली. माती पूर्ववत् मात्र झाली नाहीं.

सर्वत्र हाच अनुभव येतो असें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत झालेल्या प्रयोगांत चिकण मातींत झाडांची वाढ खुंटली, पण वालुकामय मातींत दाबल्यानें ती उलट सुधारली; कारण मोठीं छिद्रें लहान झाल्यानें वाळूंत पाणी टिकूं लागलें. दुसऱ्याच्या अरण्याचा नियम डोळे मिटून उचलणें यासाठींच धोक्याचें.

जर्मनींत यावर जो उपाय रूढ झाला आहे तो साधा आहे: वनांत ठराविक वाटा कायमच्या आंखून द्यावयाच्या आणि चाक त्यांबाहेर पडूं द्यावयाचें नाहीं. तोडलेल्या फांद्या यंत्र आपल्यापुढें अंथरतें व त्या गादीवरून चालतें. माती फार भिजली तर काम थांबवितात. वाद उरतो तो अंतराचा. यंत्राचा हात सुमारें दहा मीटर पोंचतो, म्हणून वीस मीटरवर वाट असली तर प्रत्येक झाड त्याच्या टप्प्यांत येतें. पण चार मीटर रुंदीची वाट वीस मीटरवर धरली तर वनाचा पांचवा हिस्सा चाकांखालीं जातो. चाळीस मीटरवर धरली तर दहावा. चाळीस मीटर ठेवल्यास मधल्या पट्ट्यांतील झाडें यंत्राच्या हातीं लागत नाहींत. तीं माणसानें करवतीनें पाडावीं लागतात, आणि दोरानें किंवा कांहीं ठिकाणीं अजूनहि घोडा जुंपून वाटेच्या कडेपर्यंत ओढावीं लागतात.