शाळेबाहेर कमावलेलं कसब आणि त्याविषयीचे गैरसमज

भारतातल्या कौशल्यांचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो: सुमारे ४.७ टक्के. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास व उद्योजकता धोरणात तो छापला गेला. शेजारी दक्षिण कोरियाचे ९६, जपानचे ८० आणि जर्मनीचे ७५ टक्के मांडलेले होते. तेव्हापासून भाषणांत आणि लेखांत त्याचा एकच अर्थ लावला जातो, की आपल्याकडचे शंभरातले पंच्याण्णव कामगार अकुशल आहेत. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याची किंमत रोजंदारीवर पोट असलेली माणसं मोजत आली आहेत.

त्या आकड्यात मोजलं गेलं आहे ते औपचारिक प्रशिक्षण. बापाच्या हाताखाली रंधा धरायला शिकलेला सुतार त्यात नाही. दहाव्या वर्षी गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलेला आणि आता इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा मिस्त्री त्यात नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवणारी, पण शिवणकामाच्या वर्गाला कधीच न गेलेली बाईही नाही. यांना काम येतं की नाही, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागा बघा. तिथे वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. गोडी छाटणीला काडीची जाडी, तिची पक्वता आणि गाठ बघून कोणत्या डोळ्यावर कात्री लावायची हे छाटणाऱ्यानं क्षणात ठरवायचं असतं. चुकला तर घड कमी निघतात आणि वर्ष वाया जातं. पुढे विरळणीला बायका घडातले मणी कात्रीनं कमी करतात. किती काढायचे आणि कुठले ठेवायचे हे नजरेनंच ठरतं, कारण राहिलेल्या मण्यांना फुगायला जागा हवी आणि निर्यातीचा माल मण्याच्या आकारावर निवडला जातो. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या हे काम उक्तं घेऊन निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात. युरोपातल्या दुकानात पोचणारं द्राक्ष त्यांच्या कात्रीखालून गेलेलं असतं. तरी कुठल्याही कागदावर त्या ‘शेतमजूर’ एवढ्याच असतात.

‘दाखला नाही, म्हणून मजुरी अकुशलाची’

हे वाक्य ठेकेदार इतक्या वेळा ऐकवतात की कामगारांनाही तोच कायदा वाटू लागला आहे. किमान वेतनाच्या केंद्रीय अधिसूचनांमध्ये कामाचे अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग पाडलेले असतात. त्यातली कुशल कामाची व्याख्या अशी आहे, की ज्या कामाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवातून किंवा शिकाऊ उमेदवारीतून अथवा तांत्रिक संस्थेतल्या प्रशिक्षणातून मिळालेलं कसब लागतं ते कुशल. म्हणजे अनुभवाचा उल्लेख व्याख्येतच आहे, तोही प्रशिक्षणाच्या बरोबरीनं. शिवाय वर्ग ठरतो तो कामावरून. जो माणूस ओळंबा धरून भिंत उभी करतो तो गवंडीकाम करतो आहे, मग त्याच्या पिशवीत कागद असो वा नसो. प्रमाणपत्रामुळे हे पटवून द्यायला मदत होईल, पण प्रमाणपत्राअभावी कुशल कामाची मजुरी कापायला त्या व्याख्येत आधार नाही. या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि ती मजूर अड्ड्यावर पोचतच नाही.

‘सरकारी शिबिर म्हणजे येईल त्याला कागद’

अनुभवातून शिकलेल्यांसाठी आपल्याकडे जी व्यवस्था आहे तिला सरकारी मराठीत पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात, बोलण्यात ‘आरपीएल’. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१६ पासूनच्या टप्प्यात तिला मोठं स्थान मिळालं. चालू टप्प्यात १८ ते ५९ वयाच्या माणसांना तिचा लाभ घेता येतो.

तिची कल्पना सरळ आहे. येणारं काम पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं नाही, ते तपासायचं. आधी माणसाचं काम आणि अनुभव विचारून त्याला कोणत्या भूमिकेसाठी तपासायचं ते ठरवतात. मग छोटं उद्बोधन होतं. २०१६ च्या टप्प्यात ते १२ तासांचं होतं: ६ तास कामाशी संबंधित, ४ तास वागणं-बोलणं आणि व्यवसायाविषयी, २ तास परीक्षेची ओळख. त्यानंतर ज्यानं शिकवलं नाही असा मूल्यमापक येतो आणि त्या कामासाठी लिहून ठेवलेल्या राष्ट्रीय मानकांवर करून दाखवायला सांगतो. जिथे उणीव दिसेल तिथे पूरक प्रशिक्षणाची सोय ठेवलेली आहे.

कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात जिथे घाई झाली तिथे या १२ तासांनाच लोक प्रशिक्षण समजले आणि परीक्षा नावापुरती उरली. मानकं ठरवणाऱ्या आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांवर शारदा प्रसाद समितीनं २०१६ च्या अहवालात कडक टीका केली होती, त्यात हितसंबंधांच्या गुंत्याचाही मुद्दा होता. पुढे नियमनासाठी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित झाली (२०१८) आणि २०२० मध्ये ती कामाला लागली. ढिली परीक्षा ही उमेदवारावर केलेली मेहरबानी नसते. ज्याला खरंच काम येतं त्याच्या प्रमाणपत्राची पत ती घालवते, म्हणून कामगारांनीच कडक परीक्षेचा आग्रह धरला पाहिजे.

‘ज्यानं वीस वर्षं काम केलं, त्याची कसली परीक्षा?’

हा गैरसमज आदरातून येतो, म्हणून तो खोडून काढणं जड जातं. पण वर्षं आणि कसब नेहमी बरोबरीनं वाढत नाहीत. जुना गवंडी डोळ्यानं ओळंबा सांगेल, प्लास्टर आरशासारखं करेल. तोच सिमेंटच्या मालात पाणी अंदाजानं ओतत असेल, काम लवकर व्हावं म्हणून जास्तच ओतत असेल, आणि जास्त पाण्यानं सिमेंटची ताकद घटते हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. भिंतीला किती दिवस पाणी मारायचं, हे तो मालकाच्या घाईवर सोडत असेल. परांचीवर चढताना कमरेला पट्टा बांधणं त्याला भित्रेपणा वाटत असेल, कारण त्याच्या उस्तादानं कधी बांधला नाही. उस्तादाकडून कसब येतं तशा त्याच्या खोडीही येतात.

चांगला मूल्यमापक या दोन गोष्टी वेगळ्या करतो. काय पक्कं आहे ते लिहून देतो आणि काय राहिलं आहे ते नेमकं दाखवतो. युरोपीय संघाच्या २०१२ च्या शिफारशीत या प्रक्रियेचे चार टप्पे सांगितले आहेत: माणसाला काय येतं ते ओळखणं, त्याचे पुरावे जमवणं, तपासणं आणि प्रमाणित करणं. आपल्याकडे पहिले दोन टप्पे फार कच्चे आहेत. पन्नाशीच्या बाईला ‘तुम्हाला काय काय येतं?’ असं विचारलं तर ती म्हणते, ‘काही नाही, घरचंच.’ तिच्याशी तासभर बोललं तर तिनं बचत गटाचे हिशेब ठेवलेले, लग्नाच्या स्वयंपाकाचं प्रमाण काढलेलं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षं शुश्रूषा केलेली कळते. असा तासभर देणारं माणूस शिबिरात असायला हवं.

‘हा कागद दहावीच्या किंवा आयटीआयच्या बरोबरीचा’

तसं नाही, आणि शिबिरात कुणी तसं सांगत असेल तर ते चूक आहे. आरपीएलचं प्रमाणपत्र एका ठराविक कामाच्या भूमिकेपुरतं आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातल्या ठराविक पातळीचं असतं. हा आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला. आयटीआयचा एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याहून बराच विस्तृत असतो. ज्या नोकरीच्या जाहिरातीत दहावी मागितली आहे, तिथे दहावीच लागते.

दहावीचा रस्ता वेगळा आहे आणि तो प्रौढांना बंद नाही. राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फेही दहावी-बारावी देता येते, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या प्रौढांसाठी तिच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत.

अनुभवाच्या बळावर पूर्ण पदविका मिळूच शकत नाही, असं मात्र जगात सगळीकडे नाही. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानं हा हक्क दिला. तिथे उमेदवार आपल्या कामाचा सविस्तर लेखी दस्तऐवज तयार करतो, परीक्षक मंडळापुढे उभा राहतो, आणि उत्तीर्ण झाला तर मिळणारी पदविका वर्गात बसून मिळवलेल्या पदविकेइतकीच वजनाची असते. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानं या दिशेला दार किलकिलं केलं आहे. वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक असा त्याचा हिशेब आहे, आणि मूल्यमापन करून अनुभवालाही श्रेयांक देण्याची तरतूद त्यात आहे. महाविद्यालयं ती कितपत मनावर घेतात यावर पुढचं सगळं अवलंबून राहील.

‘प्रमाणपत्र आहे, आता परवाना नको’

ही गफलत जिवावर बेतू शकते. विजेच्या संचमांडणीचं काम कायद्यानं परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हावं लागतं. कसबाचं प्रमाणपत्र त्या परवान्याची जागा घेत नाही. वैद्यकीय उपचारांबाबत तर प्रश्नच नको.

पण परवान्याच्या अटी दगडावरची रेघ नसतात. प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. हरियाणातल्या मेवात भागात गाडी उत्तम चालवणारी, पण तेवढी शाळा न शिकलेली माणसं पुष्कळ होती आणि हरियाणा सरकारनं त्यांच्यासाठी सवलत मागितली. २०१९ मध्ये केंद्रानं ती अट सगळ्यांसाठीच काढून टाकली आणि प्रशिक्षण व चालवण्याच्या कसोटीवर भर दिला. गाडी चालवता येते का, हे गाडी चालवायला लावूनच कळतं. हाच न्याय इतर किती ठिकाणी लावता येईल, ते व्यवसायागणिक तपासायला हवं.

पीएम विश्वकर्मा योजनेचीही यात सरमिसळ होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ही योजना सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. तिच्यात प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, ५ ते ७ दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं दोन हप्त्यांत एकूण ३ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. स्वतःचा धंदा असलेल्या कारागिराला ती उपयोगी आहे. दुसऱ्याच्या साइटवर राबणाऱ्याचा वेतनवर्ग तिच्यामुळे बदलत नाही.

आरपीएलनंही तो आपोआप बदलत नाही. योजनेत मालकावर पगारवाढीचं कोणतंही बंधन नाही, आणि हीच तिची मोठी उणीव आहे. म्हणून शिबिराला जाणाऱ्यानं काही गोष्टी आधीच विचाराव्यात: माझी परीक्षा नेमक्या कोणत्या कामासाठी आहे, प्रमाणपत्र कोणत्या पातळीचं, ते देणारी संस्था कोणती, प्रश्न मराठीत विचारणार का, आणि प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये दिसेल का. नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का तेही बघावं. आणि प्रमाणपत्र हाती आलं की त्याची प्रत ठेकेदाराला देऊन आपलं नाव वेतनपत्रकात कोणत्या वर्गात लिहिलं आहे ते पाहायला मागावं. काम कुशल आणि नोंद अकुशल असेल, तर तक्रार घेऊन जाण्याची जागा कामगार आयुक्तांचं जिल्ह्यातलं कार्यालय ही आहे.