जीवाणूंचा किल्ला आणि मेसमधला लसूण

दौलताबादचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. खंदक, खिळे ठोकलेले दरवाजे आणि वर ती अंधारी! एक अडथळा ओलांडला की पुढचा हजर. मित्रांनो, असाच एक किल्ला हॉस्टेलच्या बादलीतही असतो. महिनाभर न घासलेल्या बादलीत आतून बोट फिरवा. जो बुळबुळीत थर लागतो ना, ती बायोफिल्म. सकाळी दातांवर जाणवते तीही हीच.

जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करेच्या साखळ्या, प्रथिने व डीएनए यांची तटबंदी उभारतात. औषध आत नीट पोचत नाही. शिवाय आतले बरेच जीवाणू जवळजवळ झोपलेले असतात आणि अनेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जीवाणूंवरच नीट चालतात. म्हणून लघवीच्या नळीवर असा थर जमला की डॉक्टरांना पुष्कळदा नळीच बदलावी लागते.

पण जीवाणूंना कळतं कसं, की आता पुरेशी मंडळी जमली? प्रत्येक जण एक छोटा रेणू बाहेर सोडत असतो. गर्दी वाढली की रेणू वाढतात आणि ठराविक पातळी गाठली की सगळ्यांची ठरावीक जनुके एकदम चालू! सभेत गणसंख्या पूर्ण झाल्यावर कामकाज सुरू व्हावं, तसंच. 1970 साली समुद्रातल्या चमकणाऱ्या जीवाणूंमध्ये हा प्रकार दिसला. 1994 साली त्याला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळालं. अनेक जातींचे जीवाणू विष सोडणं आणि बायोफिल्म पक्की करणं याच इशाऱ्यावर ठरवतात.

मग शत्रूला न मारता त्याचे निरोपच तोडले तर? वनस्पती हे करतात. लसूण ठेचल्यावर तयार होणाऱ्या रसायनांपासून अजोईन नावाचा गंधकयुक्त रेणू बनतो. तो स्यूडोमोनासची ही यंत्रणा दाबतो, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं. हळद, दालचिनी, लवंग यांच्यातल्या घटकांचेही असे परिणाम प्रयोगशाळेत दिसले आहेत. जीवाणू मरत नसल्याने औषधाला दाद न देणारे वाण निपजण्याचा वेग कमी राहील, अशी आशा आहे.

हे तपासायची एक सुंदर पद्धत आहे. क्रोमोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू कोरम जमला की जांभळा रंग बनवतो. प्लेटवर वनस्पतीचा अर्क टाकायचा. भोवती स्वच्छ पारदर्शक कडं दिसलं, तर जीवाणूंची वाढच थांबली. रंग गेला पण पांढुरकी वाढ तशीच राहिली, तर फक्त निरोप तुटला! दौलताबाद सीताफळांसाठी प्रसिद्ध. तिथल्या पानांचा अर्क असा तपासणं हा मायक्रोबायोलॉजीवाल्यांबरोबर करण्याजोगा प्रोजेक्ट आहे. अर्थात, त्यांच्याच लॅबमध्ये आणि सरांच्या देखरेखीखाली, कारण हा जीवाणू क्वचित माणसालाही आजारी पाडतो.

आता मुद्द्याचं. प्लेटवर जमलं म्हणजे शरीरात जमेलच असं नाही. स्यूडोमोनासचा फुफ्फुसाचा संसर्ग असलेल्या 26 रुग्णांवर लसणाच्या कॅप्सूलची छोटी चाचणी झाली. 2010 साली तिचा निकाल छापून आला, ठळक फायदा काही दिसला नाही. अर्कात नेमका घटक किती, पोटातून रक्तात किती पोचतो, हे गणित अजून सुटायचंय. तेव्हा ताप आला की ‘लसूण खाल्लाय ना!’ म्हणत अंगावर काढू नका आणि डॉक्टरांनी दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत बंद करू नका.

आणि बादलीचं काय? तिथे संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. घासणी घ्या, किल्ला सर करा!