जेम्स स्टीफन्स नेमका कोणता?

‘द इन्सरेक्शन इन डब्लिन’ हे १९१६ साली निघालेलं, त्याच वर्षीच्या ईस्टर उठावाची डोळ्यांदेखतची हकीकत सांगणारं छोटेखानी पुस्तक. लेखक जेम्स स्टीफन्स. आयर्लंडच्या किलकेनी गावात हे नाव घेतलं की आठवतो तो फेनियन क्रांतिकारक. जन्म याच गावचा, १८२५चा. १८५८मध्ये डब्लिनला आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड ही गुप्त संघटना त्यानेच उभी केली. त्याच्या नावाचा हर्लिंग क्लब किलकेनीत आजही आहे. बंड, डब्लिन, स्टीफन्स, सगळं कसं जुळतं! पुस्तक त्याच्या नावावर टाकून कुणीही मोकळा होईल.

फक्त हा स्टीफन्स १९०१ सालीच वारला होता. पुस्तक आहे डब्लिनच्या कवी-कादंबरीकाराचं, ‘द क्रॉक ऑफ गोल्ड’वाल्या स्टीफन्सचं.

अशी गफलत टाळण्यासाठीच ग्रंथपाल तालिकेत लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लिहितात. काम किचकट, म्हणून आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे डोळे लागलेत. पण यंत्र शोधतं ते संभाव्य उत्तर, आणि संभाव्य उत्तर इथे नेमकं चुकीचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे २३ हजार ई-पुस्तकांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपं चालवून पाहिली. शीर्षक आणि लेखक टिपण्यात यंत्राने बरी मजल मारली. विषय ठरवताना मात्र ते ९५ टक्क्यांच्या कसोटीपासून फार लांब राहिलं.

विषय ठरवणं इतकं अवघड का, हे किलकेनीच्याच एका खटल्यात दिसतं. १३२४ साली बिशप रिचर्ड डी लेड्रेड याने गावातल्या धनाढ्य ॲलिस कायटलरवर चेटकाचा आरोप ठेवला. ॲलिसची चार लग्नं झालेली, आणि तक्रारदारांत सावत्र मुलं होती. मालमत्तेचा वास इथेच येतो. ॲलिस निसटली. तिची दासी पेट्रोनिला हिला ३ नोव्हेंबरला जाळून मारलं. आज जी लॅटिन हकीकत हाती आहे, ती बिशपच्या बाजूची. तो मजकूर यंत्रापुढे टाकला, तर त्यातलाच शब्द उचलून ते ‘चेटकिणी’ हे विषयशीर्षक सुचवण्याचा धोका आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत ‘चेटकाचे खटले’ असं वेगळं शीर्षकही आहे. पहिलं लावलं तर सातशे वर्षांनी बिशपचाच निकाल कायम होतो. दुसरं लावलं तर आरोप हा आरोपच राहतो.

शिवाय यंत्र शिकतं ते जुन्या नोंदींवर, आणि त्या काही सोवळ्या नाहीत. ड्यूई दशांश वर्गीकरणात इंग्रजी साहित्याला ८२०चा अख्खा वाडा मिळाला. आयरिश भाषेतलं साहित्य मात्र ‘इतर’ भाषांच्या ओसरीवर, ८९१.६२मध्ये; आणि त्याच ओसरीवर, थोडं अलीकडे, ८९१.४६१वर आपली मराठी! बेकायदा स्थलांतरितांना ‘एलियन्स’ म्हणणारं शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२१ साली बदलायचं ठरवलं. पण जुन्या नोंदींवर पोसलेलं प्रारूप तो शब्द मागच्या दाराने परत आणू शकतं.

आणि चूक एका गावापुरती राहत नाही. आयर्लंडमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांची तालिका देशभर सामायिक आहे. किलकेनीतली चूक डोनेगलच्या वाचकालाही भोवते.

फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘अ‍ॅनिफ’ हे साधन विषय सुचवतं. त्यातले कोणते ठेवायचे, हे ग्रंथपाल ठरवू शकतो. ही वाट शहाणपणाची वाटते. नोंदीचा कोणता भाग यंत्राने बनवला, कोणत्या प्रक्रियेने आणि ० ते १ मध्ये किती खात्रीने, हे लिहायला मार्क या नोंदपद्धतीत ८८३ क्रमांकाचा रकानाही आहे. तो ऐच्छिक आहे, आणि खरी गोम तिथेच. ग्रंथालयांनी तो स्वतःहून सक्तीचा करावा. शीर्षकं आणि आयएसबीएन टंकण्यातले जे तास यंत्र वाचवेल, ते ग्रंथपालाने विषयशीर्षकं तपासण्यात घालावेत.