गच्चीवरील बिनतारी पेटी व तिचें फर्मवेअर

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्या लहरींवरून माझे शब्द या क्षणीं आपल्या दिवाणखान्यांत येत आहेत, त्यांच्याच जातीच्या, पण पुष्कळच आंखूड लहरी आज घरोघर खेळत आहेत. नभोवाणीच्या मध्यम लहरीची लांबी शेंकडों मीटर असते. वायफायच्या लहरींची सुमारें १२ किंवा ५ सेंटिमीटर. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां 'बिनतारी' म्हणजे दूरचें गाणें घरीं बसून ऐकण्याची किमया, एवढेंच लोकांस ठाऊक होतें. आज इमारतीच्या गच्चीवर, शाळेच्या पटांगणांत, किंवा आमच्या भिवंडीजवळ मानकोली, काल्हेर, दापोडे या बाजूस जीं गोदामें उभीं राहिलीं आहेत त्यांसारख्या गोदामांच्या आवारांत, खांबावर एक लहानशी पेटी टांगलेली दिसते. तिला बाहेरचा ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तारेनें आलेलें इंटरनेट ती लहरींवर चढविते. ऊन, पाऊस व मागांवरून उडणारा कापसाचा तंतू यांपासून तिला जपावें, हें सर्वांस कळतें. तिच्या आंतील आज्ञाहि जुन्या होतात, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. आज मी त्याविषयीं बोलणार आहें. मी अभियंता नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सेवेंतून निवृत्त झालेला मास्तर आहें. परंतु चूक करून शिकलेला पाठ सांगण्याचा अधिकार मास्तरासहि असतो.

पेटींतील धातु व चिपा हें तिचें शरीर होय. त्या शरीरानें काय करावें याच्या आज्ञा तिच्या स्मृतींत कायमच्या वसविलेल्या असतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहींत. या आज्ञासंग्रहास फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अमेरिकन लेखक ॲशर ऑप्लर यांनीं १९६७ सालीं रूढ केला. भिवंडीकरास हें समजावयास मागाचा दृष्टांत पुरे. ल्यों शहराच्या जॅकार्ड यांनीं १८०४ सालीं जो माग सिद्ध केला, त्यावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. कोणता धागा उचलावा व कोणता खालीं ठेवावा, हें तीं छिद्रें ठरवितात. माग तोच ठेवून माळ बदलली कीं कापडावरील नक्षी बदलते. पेटी हा माग आणि फर्मवेअर ही पुठ्ठ्यांची माळ, असें समजावें.

आतां सुज्ञ गृहस्थ विचारतील, नीट चालणाऱ्या यंत्रास हात कां लावावा? याचें उत्तर दोन घटनांत आहे. ऑक्टोबर २०१७ मध्यें बेल्जममधील माथी व्हॅनहूफ या संशोधकानें दाखवून दिलें कीं, डब्ल्यूपीए-२ नांवाची जी संरक्षणपद्धति जगभर वापरांत होती, तिच्या मूळ नियमांतच एक उणीव आहे. जोडणी करतांना एकदां वापरलेली किल्ली यंत्रास पुन्हां बसवावयास लावतां येते, आणि मग गुप्त मजकूर वाचण्यास वाट मिळते. दोष कोणा एका कारखान्याचा नव्हता. आणि परवलीचा शब्द बदलूनहि तो जात नव्हता. पेटींतील व मोबाईलमधील आज्ञा सुधारून घेणें, हाच उपाय होता. पुढें मे २०१८ मध्यें उघडकीस आलें कीं, ५४ देशांतील निदान पांच लाख यंत्रें एका घातकी आज्ञासंग्रहानें आपल्या कह्यांत घेतलीं आहेत. त्यांतील बहुतेक यंत्रांच्या उणीवा आधींच प्रसिद्ध झाल्या होत्या, किंवा त्यांचे मूळचे परवलीचे शब्द तसेच राहिले होते. कुलूप मोडकें आहे हें चोरास कळल्यावर तें न बदलणारा मालक निर्दोष कसा म्हणावा?

तथापि बदल करावा तो सावधपणें. जुलै २०२१ मध्यें, शाळा मोबाईलवर भरत असतांना, आमच्या इमारतीची गच्चीवरील पेटी सुधारण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. अर्ध्यावर दिवे गेले. पेटींतील जुन्या आज्ञा पुसल्या गेल्या होत्या व नव्या पुऱ्या उतरल्या नव्हत्या. जुनी माळ तोडली आणि नवी बांधली नाहीं, अशा मागासारखी ती मुकी झाली. माझ्या घरांत इन्व्हर्टर होता. पण पेटीस वीज देणारा ठोकळा मीं त्यावर लावलाच नव्हता. आठ दिवस नववींतील एक मुलगी शेजारच्या इमारतीच्या जिन्यांत, वही मांडीवर घेऊन, तास ऐकत बसे. तिच्या वडिलांनीं मला एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. तेंच मला अधिक लागलें. शेवटीं एका जाणत्या तरुणानें पेटीचें बारीक बटन दाबून धरून तिला वीज दिली व तारेनें नवा संग्रह आंत घातला. पुष्कळ पेट्यांत आरंभींच्या आज्ञांचा एक छोटा भाग निराळा राखलेला असतो. तो शाबूत असल्यामुळें ती वांचली.

त्या दिवसापासून मीं जो क्रम ठरविला तो असा. प्रथम पेटीच्या मागील चिठ्ठीवरून तिची जात व आवृत्ति अचूक उतरून घ्यावी. नांव एकच असून आवृत्ति निराळी असली तर संग्रहहि निराळा लागतो. तो उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, आणि सोबतचें सूचनापत्र वाचावें. कधींकधीं मधली एखादी पायरी चढल्यावांचून शेवटच्या पायरीस जातां येत नाहीं. उत्पादकानें पडताळ्याचा अंक दिला असेल तर तो आपल्या फाईलीच्या अंकाशीं जुळवावा. एक अक्षर चुकलें तरी ती फाईल टाकून द्यावी. मग पेटीच्या चालू मांडणीची प्रत आपल्या संगणकावर ठेवावी.

यानंतर विजेचा विचार. अशा पेटीस बहुधा इंटरनेटच्याच तारेंतून वीज जाते व ही तार १०० मीटरपर्यंत नेतां येते. म्हणून खालचा ठोकळा इन्व्हर्टरवर लावला कीं गच्चीवरील पेटी सुरक्षित झाली. पावसाळ्यांत तारेचा सांधा कोरडा व घट्ट आहे ना, हेंहि पाहावें. कारण सांधा सुटणें म्हणजे वीज जाणेंच होय. फाईल चढवितांना संगणक तारेनें जोडावा, लहरींवर विसंबूं नये. काम चाललें असतां दिवा लुकलुकतो. पांच-दहा मिनिटें धीर धरावा व बटनास हात लावूं नये.

दोन इमारतींमध्यें दोन पेट्यांचा पूल बांधला असेल तर दूरची पेटी आधीं सुधारावी. जवळची आधीं सुधारली आणि दोघींचें जुळलें नाहीं, तर दूरचीपर्यंत पोंचण्याची वाटच बंद होते. पेट्या अनेक असल्या तर एकीवर प्रयोग करून चार दिवस पाहावें व मग बाकीच्यांस हात घालावा.

काम झाल्यावर आवृत्तीचा अंक तपासावा. देशाच्या जागीं भारत हेंच नांव आहे ना, तेंहि पाहावें. कारण कोणत्या लहरी किती जोरानें सोडावयाच्या, हें त्यावर ठरतें. पुन्हां सुरू झाल्यावर कांहीं पेट्या जवळ रडार नाहीं ना, हें ऐकण्यासाठीं मिनिटभर गप्प राहतात. त्यानें घाबरूं नये. आणि उत्पादकानें जिला नव्या आज्ञा देणें थांबविलें आहे, अशी पेटी चालत असली तरी बदलावी.

हें सर्व करावयास वर्षांतून दोन-चार दुपारी पुरतात. ज्या पेटीवर शेजाऱ्यांचीं मुलें शिकतात, तिची निगा ही शेजारधर्माचीच गोष्ट आहे.