रेंज नसली तरी बैठकीत फिल्म दाखवा

तायांनो, पाड्यावर रेंज नाही म्हणून शेळीपालनाची फिल्म बैठकीत अर्धीच राहते ना? ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मोबाईलमध्येच घेऊन जा. केबल जोडल्यावर मोबाईल नुसता चार्ज होतो, कॉम्प्युटरवर दिसत नाही. घाबरू नका. लॉक उघडा, वरची पट्टी खाली ओढा, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. तरीही दिसला नाही तर केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्याच असतात. (माझा एकदा तासभर यातच गेला!) मग फिल्म कॉपी करून मोबाईलच्या ‘मूव्हीज’ फोल्डरमध्ये पेस्ट करा. पूर्ण होईपर्यंत केबल हलवू नका, नाहीतर फाइल अर्धवट राहते. चालत नसेल तर नेट आहे तोवर व्हीएलसी ॲप घ्या. निघण्याआधी मोबाईल डेटा बंद करून फिल्म एकदा लावून बघाच.