कसोटी आवाजाची नव्हे, पाठपुराव्याची

संसदेत नव्याने निवडून गेलेल्या सदस्याची पारख करण्याची एक सोपी रीत आपल्याकडे पडून गेली आहे. त्याने आवाज किती चढविला, अध्यक्षांच्या आसनापुढे किती वेळा धाव घेतली, यावरून त्याच्या कर्तृत्वाचा निकाल लावला जातो. मोठ्या राज्यांना ही चैन परवडेल. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत अवघे दोन प्रतिनिधी पाठविणाऱ्या गोव्याला ती परवडणारी नाही.

२०२४ च्या निवडणुकीत दक्षिण गोव्यातून कॅप्टन विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांच्या आघाडीने प्रथमच लोकसभेवर गेले. नौदलातील सेवेनंतर ते चळवळीच्या मार्गाने राजकारणात आले. उत्तर गोव्याचे श्रीपाद नाईक याच वेळी पुन्हा केंद्रात राज्यमंत्री झाले. मंत्री सरकारचा घटक असल्याने सरकारला प्रश्न विचारीत नाही. अर्थात लोकसभेत गोव्याच्या वतीने प्रश्न विचारू शकणारा सदस्य एकच उरला. नव्या खासदाराच्या शिरावरील जबाबदारीचे ओझे यावरून ध्यानी यावे.

चळवळीचे शास्त्र आणि सभागृहाचे शास्त्र ही दोन भिन्न आहेत. रस्त्यावर हजारो कंठ एकवटावे लागतात. सभागृहात वेळेवर दिलेली एक सूचना आणि नेमका विचारलेला एक पूरक प्रश्न पुरेसा ठरतो. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच असतात, आणि त्यातही आपला प्रश्न लागणे चिठ्ठीच्या कौलावर अवलंबून असते. लेखी उत्तरांत 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे सरकारचे ठरलेले पालुपद असते. परंतु असे उत्तर आश्वासन मानले जाते, ते तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे, आणि त्यावर नजर ठेवण्यास सरकारी आश्वासनविषयक समिती आहे. ही वाट रुक्ष खरी. पण फळ याच वाटेवर मिळते.

याचा पडताळा गोव्याला आला आहे. गावडा, कुणबी व वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ साली झाला. २०११ च्या जनगणनेत या जमातींची संख्या सुमारे दीड लाख, म्हणजे लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक भरली. तरीही चाळीस जागांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. हा अन्याय दूर करणारे विधेयक ५ ऑगस्ट २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि वर्षभर पडून राहिले. बरोबर एक वर्षाने, ५ ऑगस्ट २०२५ रोजी, बिहारमधील मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून माजलेल्या गदारोळात ते आवाजी मतदानाने संमत झाले. विधेयक रखडविण्याचा दोष सरकारचा, गदारोळाचा वाटा विरोधकांचा. मात्र ज्या चर्चेत गोव्याच्या आदिवासींची व्यथा साऱ्या देशाने ऐकावी, ती चर्चा हरवली. सभागृह बंद पडते तेव्हा सर्वांत मोठी हानी लहान राज्याची होते. बड्या राज्यांना बोलण्याची दुसरी संधी मिळते, आपल्याला मिळेलच असे नाही.

म्हादईचीही तीच गोष्ट. लवादाने २०१८ साली निवाडा दिला, कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला केंद्रीय जल आयोगाने २०२२ च्या अखेरीस मंजुरी दिली, आणि २०२३ साली 'प्रवाह' प्राधिकरणाच्या स्थापनेचा निर्णय झाला. या प्राधिकरणाने कोणती पाहणी केली, काय नोंदविले, हे अधिवेशनामागून अधिवेशन विचारीत राहणे हेच खासदाराचे काम होय. न्यायालयातील लढा राज्य सरकार लढेल. कागदावर उत्तर मिळविण्याचा अधिकार मात्र खासदाराचा आहे.

म्हणून मतदारांनीही आपली मोजपट्टी बदलली पाहिजे. वृत्तपत्रांत छायाचित्र किती वेळा झळकले हे न मोजता, कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर मिळाले आणि त्या उत्तरानंतर पुढे काय केले, या तीन गोष्टींचा हिशेब मागावा. पक्ष कोणताही असो, असा हिशेब देणारा प्रतिनिधी संख्येने एकटा असला तरी दुबळा नसतो. गोव्याला गरज आहे ती अशा प्रतिनिधीची, आणि त्याहून अधिक, असा हिशेब मागणाऱ्या जागरूक मतदारांची!