एक्झॉस्टमध्ये सोडलेली ताजी हवा
थंड इंजिन सुरू होताना हवेच्या मानाने पेट्रोल अधिक द्यावे लागते, ते पुरते जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन धुराबरोबर बाहेर पडतात. १९६६ च्या कॅलिफोर्नियातील मोटारींत यावर उपाय म्हणून पंपाने ताजी हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हलगत, म्हणजे धूर सर्वांत तप्त असतो तेथेच, सोडली जाऊ लागली, जेणेकरून अपुरे ज्वलन पूर्ण व्हावे. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रासायनिक रूपांतर करणारे उपकरण, आले आणि या ज्वलनाची उष्णता ते लवकर तापवू लागली. हा लाभ अधिक मोलाचा, कारण थंड असताना ते जवळजवळ निष्क्रिय असते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र अशा हवेने घटत नाहीत, उलट जादा ऑक्सिजन कन्व्हर्टरमधील त्यांच्या विघटनात अडथळा आणतो, म्हणून आधुनिक मोटारीत इंजिन तापताच पंप थांबतो.